पुस्तकाच्या पाठीमागची चिठ्ठी

“पुस्तक स्वतःच छापलंत, मग वाचक कुठून मिळाले?” असं मला कार्यक्रम संपल्यावर हमखास विचारलं जातं. विचारणाऱ्याच्या पिशवीत बहुतेकदा स्वतःचं हस्तलिखित असतं. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

पदरचे पैसे घालून मी कथासंग्रहाच्या ५०० प्रती छापल्या. वितरकाने निम्मी सवलत मागितली, तीही विक्री झाल्यावर हिशेब करू या बोलीवर. नातेवाइकांनी आणि मैत्रिणींनी मिळून साठेक प्रती घेतल्या. बाकीचे गठ्ठे दिवाणात गेले. फेसबुकवर मुखपृष्ठ टाकलं तेव्हा अभिनंदन शंभरजणांनी केलं, पुस्तक मागितलं तिघांनी.

मग मी ग्रंथालयं धरली. १९६७ च्या कायद्याखाली मान्यता मिळालेली सार्वजनिक ग्रंथालयं आपल्याकडे खेडोपाडी आहेत. अ, ब, क, ड असे त्यांचे वर्ग. मी मुद्दाम ड वर्गाची निवडली. एक खोली, चार कपाटं, पण कोण ऐतिहासिक कादंबऱ्या नेतं आणि कोण फक्त दिवाळी अंक, हे ग्रंथपालाला तोंडपाठ. एक प्रत भेट द्यायची आणि संध्याकाळी एक कथा वाचू द्या म्हणायचं. शंकर पाटील, मिरासदार, माडगूळकर यांनी कथाकथनासाठी गावंच्या गावं पालथी घातली. गोष्ट ऐकायला जमणं आपल्या लोकांना नवीन नाही. कधी बारा माणसं यायची, कधी चाळीस.

सांगली जिल्ह्यातल्या अशाच एका ग्रंथालयात आठ महिन्यांनी पुन्हा गेले. माझ्या पुस्तकाला जाड पुठ्ठ्याची बांधणी झाली होती. मागच्या चिठ्ठीवर देवघेवीच्या अकरा तारखा. त्या चिठ्ठीवरून मी कितीतरी वेळ बोट फिरवत होते. पानं चाळताना समासात पेन्सिलीने लिहिलेलं दिसलं: “हळद आधी शिजवतात, मग वाळवतात.” कथेत मी उलटं लिहिलं होतं.

ग्रंथपालांनी अक्षर ओळखलं. हळद शिजवायच्या कामावर जाणारे एक आबा. दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर शेतावर गेले. काढलेले गड्डे कसे फोडतात, शिजलेल्या हळकुंडात काडी सहज घुसली की ती उतरवायची, मग उन्हात पसरून वाळवायची आणि शेवटी ड्रममध्ये घालून पॉलिश करायचं, सगळं त्यांनी दाखवलं. निघताना ते म्हणाले, “ताई, बाकी गोष्ट खरी हाय. आमच्या टोळीसाठी धा पुस्तकं द्या.” दहाही प्रतींचे पैसे त्यांनी रोख मोजून दिले.

त्यांच्या सुनेने संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून पुस्तक लुटायचं ठरवलं आणि एकवीस प्रती नेल्या. त्यातल्या तिघींनी माहेरी पुस्तकं मागवली. उत्साही वाचक म्हणजे माझ्या लेखी हा: चूक दाखवतो आणि पुस्तक दुसऱ्याच्या हातात ठेवतो. असे मला पंधरा-वीसच मिळाले असतील, पण दिवाण त्यांनीच रिकामा केला. प्रत्येकाचं नाव, गाव आणि आवडलेली कथा मी वहीत लिहून ठेवते आणि वर्षातून एकदा तरी फोन करते.

दुसऱ्या आवृत्तीत हळद आधी शिजते. आता ऊसतोडीवरची नवी गोष्ट छापायला देण्याआधी आबांना फोनवर वाचून दाखवली. दोन ठिकाणी त्यांनी मला थांबवलं.