बोटीचा दोर
२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली आणि आमच्या सांगलीत लष्कराच्या बोटी आल्या. आमच्या गल्लीतल्या एका काकांनी एका बोटीचा दोर धरून ठेवला. "आधी माझी म्हैस, मग माणसं!" जवान शांतपणे म्हणाला, "चाचाजी, छोड दीजिए." पाच-दहा मिनिटं गेली. पलीकडच्या माडीवर बाळंतीण वाट बघत होती.

मी वकील, त्यामुळे त्याही पाण्यात डोक्यात कलमं! लोकसेवकाच्या, म्हणजे सरकारी माणसाच्या, कामात नुसता अडथळा म्हणजे तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं कलम १८६: तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपये दंड. पण अंगावर धावून गेलात, धक्का दिलात, की ३५३. ते मूळ दोन वर्षांचं, महाराष्ट्राने २०१८ मध्ये पाच वर्षांपर्यंत नेलेलं, वर अजामीनपात्र. जवान म्हणजे लोकसेवक का, असं लोक मला अजूनही विचारतात. सरकारी पगारावरचा माणूस, म्हणजे आलाच की!

१ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. अडथळ्याचं कलम आता २२१, दंड अडीच हजारांपर्यंत. हल्ल्याचं १३२, आणि तिथे शिक्षा पुन्हा दोन वर्षांपर्यंतच.

काकांवर काही झालं नाही. काकूंनी गच्चीवरून अशी काही हाक मारली, की दोर आपोआप सुटला. म्हैस तिसऱ्या दिवशी सापडली, शाळेच्या व्हरांड्यात, रवंथ करत.