लॉक आहे, पण डेटा नाही

पृथ्वी-निरीक्षण उपग्रहाच्या रेडिओ सिग्नलमधून डेटा उतरवणारा आमचा नवा डिमॉड्युलेटर एका ग्राउंड स्टेशनवर प्रत्यक्ष पासला (उपग्रह स्टेशनवरून जातो त्या वेळी) लावायचा होता. प्रयोगशाळेत ७२० मेगाहर्ट्झच्या आयएफवर (मधल्या, खाली आणलेल्या वारंवारतेवर) सिग्नल तयार करणारा मॉड्युलेटर थेट जोडून त्याच्या सगळ्या चाचण्या झाल्या होत्या, त्यामुळे सकाळी कोणालाच विशेष काळजी नव्हती.

उपग्रह क्षितिजावर येताच कॅरिअर (डेटा वाहून आणणारी लहर) लॉक झाला, पाठोपाठ डेटाची गती पकडणारा क्लॉकही लॉक झाला आणि पडद्यावर क्यूपीएसकेचे (लहरीच्या चार फेजमधून डेटा पाठवण्याच्या पद्धतीचे) चार पुंजके अगदी सुटे, स्वच्छ दिसू लागले. फ्रेम सिंक, म्हणजे डेटाच्या प्रत्येक फ्रेमची सुरुवात ओळखणे, मात्र काही केल्या लागेना. प्रत्येक फ्रेमच्या आरंभी येणारी १एसीएफएफसी१डी ही ३२ बिटांची खूण डिकोडरला सापडत नव्हती, आणि ती सापडल्याशिवाय रीड-सॉलोमनचे, म्हणजे चुका दुरुस्त करणाऱ्या कोडचे, काम सुरूच होत नाही. दहा-बारा मिनिटांचा पास कोरडा गेला.

स्टेशनवरच्या मंडळींना अँटेनापासून तपासणी करायची होती. इतका चांगला सिग्नल समोर असताना मला ते पटेना. तेवढ्यात लॉग चाळणारी आमची ज्युनिअर इंजिनिअर म्हणाली, "सर, डॉप्लर उलटा दिसतोय." उपग्रह जवळ येत असताना वारंवारता वाढलेली दिसायला हवी, आणि ८.२ गिगाहर्ट्झला हा फरक दीडशे किलोहर्ट्झच्या वर जातो. लॉगमध्ये तो सुरुवातीला उणे आणि शेवटी अधिक होता.

उलगडा तिथेच झाला. स्टेशनच्या डाउन-कन्व्हर्टरचा (सिग्नल आयएफवर आणणाऱ्या उपकरणाचा) लोकल ऑसिलेटर सिग्नलपेक्षा वरच्या वारंवारतेला असल्याने स्पेक्ट्रम उलटा होऊन, म्हणजे वरच्या वारंवारता खाली आणि खालच्या वर होऊन, आमच्याकडे येत होता. क्यूपीएसकेचे पुंजके उलटले तरी तसेच दिसतात. फेजच्या चारही स्थिती आमचे सिंक तपासत होते. पण आरशातली प्रतिमा कितीही फिरवली तरी मूळ आकृतीवर बसत नाही. दोन्ही पक्षांनी मान्य केलेल्या इंटरफेसच्या कागदात लेव्हल, इम्पीडन्स, कनेक्टर सारे होते, स्पेक्ट्रमची दिशा तेवढी नव्हती. माझ्या मते ती पहिल्या पानावर हवी.

पुढचा पास शंभरेक मिनिटांवर होता आणि डिमॉड्युलेटरमधल्या एफपीजीए चिपचे नवे बिटस्ट्रीम (तिची मांडणी ठरवणारी फाइल) तेवढ्यात होण्यासारखे नव्हते. कॅरिअरची दुरुस्ती एडीसीच्या (सिग्नलचे आकड्यांत रूपांतर करणाऱ्या भागाच्या) पुढे, पूर्ण डिजिटल भागात होत असल्यामुळे एडीसीकडे जाणाऱ्या आय आणि क्यू या सिग्नलच्या दोन घटकांच्या एसएमए केबल्सची नुसती अदलाबदल उलटलेला स्पेक्ट्रम सरळ करायला पुरेशी होती. दोन्हींची लांबी सारखी असल्याने विलंबाचाही प्रश्न नव्हता. टॉर्क स्पॅनरने चार नट सोडून पुन्हा आवळले. दुसऱ्या पासला उपग्रह क्षितिजाच्या बराच जवळून गेला, तरी वारंवारतेचा फरक अधिक बाजूने सुरू झाला आणि कॅरिअरपाठोपाठ सिंकही लागले. सध्या सिंकचे ते ब्लॉक आठही शक्यता, म्हणजे चार फेज सरळ आणि चार आरशातल्या, तपासते. त्यासाठी वाढलेले लॉजिक नगण्य आहे.