केमोच्या आधी विचारायचं ते

आज खानापूरकडच्या, पोरीला कॅन्सर झालेल्या एका आईचं तेच वाक्य, "आधी पोरगी बरी होऊदे की हो, मुलाबाळांचं मागनं बघू." चूक तिची नाही, तिला कुणी सांगितलंच नव्हतं. पण हे मागनं बघायचं कामच नाही. सायक्लोफॉस्फामाइडसारखं केमोचं औषध अंडाशयातला बीजांचा साठाच जाळतं, आणि तो परत भरत नाही.

म्हणून केमोच्या आधीच बीजं काढून गोठवून ठेवतात, पुढं मूल हवं असेल तेव्हासाठी. त्याला साधारण दोन आठवडे लागतात. पाळीची वाट बघायची गरज नाही, बीजं वाढवायची इंजेक्शनं कुठल्याही दिवशी सुरू होतात. आठ-दहा दिवस रोज पोटावर बारीक सुई, मधे मधे सोनोग्राफी. मग बीजं पिकवणारं शेवटचं ट्रिगर इंजेक्शन दिलेल्या वेळेलाच; त्यानंतर ३४ ते ३६ तासांनी भूल देऊन बीजं काढतात. वेळ चुकली तर हाती फार काही लागत नाही. स्तनाचा कॅन्सर हार्मोनवर वाढणारा असेल तर सोबत लेट्रोझोलची गोळी देतात, म्हणजे इस्ट्रोजेन हे हार्मोन चढत नाही.

ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरमध्ये, मात्र बहुतेकदा एवढी सवड नसते, रक्तस्राव थांबवणाऱ्या प्लेटलेट कमी असल्या तर सुई घालणंही धोक्याचं. अजून पाळी सुरूच न झालेल्या मुलींसाठी अंडाशयाचा तुकडा गोठवतात. अंडाशयाला तात्पुरतं झोपवणारं, महिन्याचं ल्युप्रोलाइड इंजेक्शन थोडा आधार देतं, पण गोठवण्याला तो पर्याय नव्हे.

बेळगावहून कोल्हापूर, हुबळी, पुणे कुठंही जा, एएमएचचा (बीजांचा साठा किती ते सांगणाऱ्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट आणि केमोची तारीख लिहिलेली ऑन्कॉलॉजिस्टची (कॅन्सरच्या डॉक्टरची) चिठ्ठी बरोबर ठेवा. साठवणीचं भाडं दरवर्षी वेगळं लागतं, तेही आधीच विचारा.