नाकतोडा, नोंद ७ : मागच्या पायांचे हरवलेले बळ

मागील नोंदीत लिहिल्याप्रमाणे नाकतोडा, म्हणजे मी घडवत असलेले चार पायांचे यंत्र, आता जागच्या जागी १२ सेंटीमीटर उंच उडतो आणि पडत नाही. या वेळचे उद्दिष्ट त्याहून अवघड होते : ठाण्यातील आमच्या इमारतीच्या गच्चीवर प्लायवूडचे दोन चौथरे ३० सेंटीमीटर अंतरावर मांडून, मधली फट एका उडीत ओलांडणे. यंत्राचे वजन ४.२ किलो, धडाची लांबी ३८ सेंटीमीटर, प्रत्येक पायाला तीन याप्रमाणे १२ मोटरी, आणि मांडी व नडगी प्रत्येकी १२ सेंटीमीटर, ही मापे नव्याने वाचणाऱ्यांसाठी पुन्हा देतो. पहिल्या पंधरा उड्यांपैकी अकरा उड्यांत मागचे पाय पलीकडच्या चौथऱ्याच्या कडेवर आपटले आणि थ्रीडी छपाईच्या नडग्यांपैकी तीन मोडल्या.

आधी हिशेब मांडतो. १२ सेंटीमीटर उंची गाठायची तर जमीन सोडताना वर जाण्याचा वेग सेकंदाला सुमारे १.५३ मीटर लागतो आणि यंत्र ०.३१ सेकंद हवेत राहते. त्याच वेळात ३० सेंटीमीटरची फट थोड्या राखीव अंतरासह ओलांडण्यासाठी पुढचा वेग १.२ मीटर धरला. पाय मुडपलेल्या अवस्थेपासून ताठ होईपर्यंत धड फक्त १० सेंटीमीटर वर येते, म्हणजे हा सगळा वेग ०.१३ सेकंदात मिळवायचा असतो. त्यासाठी जमिनीवर सरासरी वजनाच्या २.२ पट, म्हणजे सुमारे ९० न्यूटन जोर द्यावा लागतो. पाय सुटल्यानंतर मात्र धड कोणत्या मार्गाने जाणार हे ठरून गेलेले असते आणि एकूण कोनीय संवेगही (गिरकीची एकूण मात्रा) बदलत नाही. हवेत पाय हलवून धडाचा कोन थोडाफार वळवता येतो, परंतु मोटरी खुब्यापाशी ठेवून पाय मुद्दाम हलके केल्यामुळे माझ्या हाती जेमतेम चार-पाच अंश येतात. यंत्रमानवांचे संशोधक मार्क रायबर्ट यांनी १९८० च्या दशकात एका पायावर उड्या मारणाऱ्या यंत्राचे नियंत्रण उंची, वेग आणि धडाचा कल अशा तीन भागांत वाटले होते, आणि त्यातही कल सुधारण्याचे काम पाय जमिनीवर असतानाच खुब्यातून बळ लावून होत असे. हे मी अनेकदा वाचले होते. तरीही पुढची चूक केलीच.

चूक अशी की दोष उतरण्यात आहे असे मी गृहीत धरले. मागचे पाय आपटतात म्हणून ते हवेत अधिक मुडपले, गुडघ्यांचा ताठपणा कमी केला, अवमंदन (हिसका जिरवण्याचे प्रमाण) वाढवले, आणि या खटपटीत तीन आठवडे घालवले. (तळमजल्यावरच्या काकांनी रात्री दहानंतर गच्चीवरून धपधप ऐकू येता कामा नये अशी ताकीद दिली, त्यामुळे चाचण्यांचा वेळही आखडला.) आकडे सुधारत, पण एकाच बॅटरीवर दहा मिनिटांनी पुन्हा बिघडत. खरे तर हा धागा मी तेव्हाच पकडायला हवा होता.

शेवटी मोबाइलवर सेकंदाला २४० चौकटींनी चित्रण केले. जमीन रेटण्याचा काळ त्यात साधारण ३१ चौकटींचा येतो. शेवटच्या दहा चौकटींत पुढचे पाय पूर्ण ताठ होत होते आणि मागचे मात्र अर्धवट मुडपलेल्या स्थितीतच जमीन सोडत होते. आयएमयूच्या (कल आणि गिरकी मोजणाऱ्या संवेदकाच्या) नोंदीतही जमीन सुटण्याच्या क्षणी सेकंदाला सुमारे ६० अंशांची गिरकी स्पष्ट दिसत होती. ०.३१ सेकंदांत तिचे १८ ते १९ अंश होतात : नाक वर, शेपटाकडची बाजू खाली. उतरण्याचे गणित कितीही घासूनपुसून घेतले असते तरी एवढा कल भरून निघाला नसता.

मग मागचेच पाय का? बॅटरी धडाच्या पुढच्या भागात आहे आणि मागच्या मोटर ड्रायव्हरांना (मोटरींचा प्रवाह सांभाळणाऱ्या मंडलांना) वीज पुढच्या ड्रायव्हरांमधून, एका पातळ तारेच्या जोडीने जाते. ऑसिलोस्कोप (व्होल्टेजचे क्षणाक्षणाचे चढउतार दाखवणारे उपकरण) लावल्यावर उडीच्या ऐन क्षणी पुढे २२ व्होल्ट आणि मागे १९.४ व्होल्ट आढळले. सहा सेलच्या बॅटरीचे रक्षण व्हावे म्हणून २० व्होल्टखाली ड्रायव्हरने प्रवाह कापावा, अशी मर्यादा मीच वर्षभरापूर्वी घातली होती. ड्रायव्हर त्याचे काम इमानाने करत होता! आता मागे जाड तारांची स्वतंत्र जोडी बॅटरीपासून थेट नेली आहे, शेवटच्या टोकाला क्षणभराची वीज साठवणारे दोन मोठे कपॅसिटर बसवले आहेत, आणि मर्यादा ड्रायव्हरपाशी न मोजता बॅटरीच्या टोकांवर मोजली जाते. मागचे व्होल्टेज आता २१.६ च्या खाली जात नाही आणि चौथऱ्यावर उतरताना कल चार अंशांच्या आत राहतो. नंतरच्या वीस उड्यांपैकी सतरा स्वच्छ झाल्या.

सिम्युलेशनमध्ये (संगणकावरच्या आभासी चाचणीत) ही उडी पहिल्या दिवसापासून निर्दोष होती, कारण तिथली बॅटरी कधी दमतच नव्हती. झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठातील गटाने २०१९ साली अ‍ॅनिमल या चतुष्पाद यंत्रासाठी मोटरींच्या प्रत्यक्ष नोंदींवरून न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून शिकणारी संगणकीय रचना) शिकवून ते सिम्युलेशनमध्ये बसवले होते. त्यामागचे कारण आता मला अनुभवाने कळले. माझ्याकडे तेवढी सामग्री नाही, म्हणून तारेचा रोध आणि बॅटरीचा अंतर्गत रोध असे दोनच आकडे घातले. तेवढ्यानेही सिम्युलेशनमधला नाकतोडा तसाच नाक वर करून पडू लागला, तेव्हा मला अतिशय आनंद झाला.

पावसाळ्याने मात्र नवा प्रश्न आणला आहे. गच्चीच्या कोपऱ्यात शेवाळ धरले आहे. फळी तिरपी करून रबरी पाऊल कधी घसरते ते पाहिले : कोरड्या लादीवर ३१ अंशांना, ओल्या शेवाळावर १४ अंशांना, म्हणजे घर्षणांक अनुक्रमे ०.६ आणि ०.२५. उभ्या स्थितीतून १.२ मीटरचा पुढचा वेग ०.१३ सेकंदात घ्यायचा तर आडव्या आणि उभ्या जोराचे गुणोत्तर ०.४३ होते. ते कोरड्यावर चालते, पण शेवाळावर पाऊल सटकते आणि तिथे जास्तीत जास्त ०.७ मीटर वेग, म्हणजे जेमतेम २२ सेंटीमीटरची उडी मिळते. यावर उपाय एकच दिसतो : आधी चार-पाच दुडक्या पावलांत थोडाथोडा वेग जमवायचा आणि शेवटचा रेटा जवळजवळ सरळ वर द्यायचा. त्यात शेवटचे पाऊल कडेपासून किती अंतरावर पडते हे दर वेळी बदलते, आणि सध्या ते सात सेंटीमीटरपर्यंत चुकते. चुकीचा हा पल्ला तीन सेंटीमीटरवर आला की नाकतोड्याला खाली रस्त्यावर, खचलेल्या पेव्हर ब्लॉकच्या पदपथावर नेणार आहे. तिथे चौथरे मांडण्याची गरज पडणार नाही.