ट्रिमरवरचा लाल थेंब

त्या ट्रिमरवर, म्हणजे सिंथेसायझरचा सूर जुळवायच्या स्क्रूएवढ्या चकतीवर, वाळलेल्या लाल लॅकरचा एक थेंब होता. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने खरवडला तेव्हा कट्ट असा बारीक आवाज झाला, टवका सर्किट बोर्डावर पडला आणि मी तो फुंकर मारून उडवला. या गोष्टीला बरेच दिवस झाले, पण ती फुंकर डोक्यातून जात नाही.

स्टुडिओत सिंथेसायझरची जोडणी आणि दुरुस्ती मी बघतो. त्या दिवशी आलेल्या संगीतकाराकडे एक नवा सिंथ होता, त्यातच ओळीने सूर वाजवणारा सिक्वेन्सर, आणि मागे सीव्ही (कंट्रोल व्होल्टेज) व गेटचे आउटपुट. त्यावरून त्याला आपला जुना मोनोसिंथ, म्हणजे एका वेळी एकच सूर वाजवणारा सिंथ, खर्जात वाजवायचा होता. पुढे त्याच ओळीवर मॉड्युलर रॅकमधला (सुटे भाग जोडून केलेल्या सिंथमधला) एक ऑसिलेटर, म्हणजे सूर निर्माण करणारा भागही हवा होता.

कल्पना सोपी आहे. सीव्हीच्या वायरीतून सूर जातो, गेटच्या वायरीतून ‘वाजव’ आणि ‘थांब’. सुराच्या वायरीत एक व्होल्ट वाढला की सूर एक सप्तक चढतो. सिंथेसायझर बनवणाऱ्या बॉब मूग यांनी 1960च्या दशकात रुळवलेली ही पद्धत आजही बहुतेक यंत्रं पाळतात. सप्तकात बारा स्वर, म्हणजे एका स्वराच्या वाट्याला 83.3 मिलिव्होल्ट. त्याचे शंभर भाग केले की एक सेंट. कॉर्गच्या 1978 सालच्या एमएस-20 या सिंथला हा हिशेब चालत नाही, तिथे दर सप्तकाला व्होल्टेज दुप्पट लागतं आणि गेटही उलटा, वायर ग्राउंडला टेकली की आवाज येतो. असलं काही समोर आलं की सकाळ त्यातच जाते. इथे मात्र तिन्ही यंत्रं एक व्होल्टवाली होती.

अर्धा तास तापू दिली आणि नवा सिंथ जुन्याला जोडला. जुन्याचा सूर चारही सप्तकं चोख लागला. इतक्या वयाचा ऑसिलेटर असा वागला की मला फार आनंद होतो. मग एकाची दोन टोकं करणारी वाय केबल लावून तीच सुराची ओळ रॅकला दिली. खालचा सूर जागेवर राहिला, पण वर जावं तसा उतरत गेला. तिसऱ्या सप्तकात जुना मोनोसिंथ 35 सेंट खाली! रॅकचा ऑसिलेटर तर त्याहून खाली होता, पण त्याचा स्केल ट्रिमर पुढेच असल्यामुळे मी तो फिरवला आणि विषय संपवला. दोन यंत्रं एकाच क्षणी एकाच दिशेने उतरली होती. तिथेच थांबायला हवं होतं.

‘जुनं मशीन आहे, ॲनालॉग असंच असतं,’ रेकॉर्डिस्ट म्हणाला. हे वाक्य मला मनापासून आवडत नाही. ॲनालॉग म्हणजे थोडं बेसूर चालायचंच, असं म्हणून लोक तपासणी टाळतात, आणि नीट लावलेल्या यंत्रांची बदनामी होते.

माझा संशय उष्णतेवर गेला, आणि तो निराधार नव्हता. अशा ऑसिलेटरमध्ये ट्रान्झिस्टरची जुळवलेली जोडी व्होल्टचं सप्तकात रूपांतर करते. तिच्यापाशी एका सप्तकाला जेमतेम 18 मिलिव्होल्ट लागतात, आणि हा आकडा तापमानाच्या दर अंशाला साधारण 0.33 टक्के वाढतो. ती वाढ भरून काढायला ट्रान्झिस्टरला चिकटवून खास रेझिस्टर बसवलेला असतो, तोही तापल्यावर तेवढाच वाढणारा. तो सुटला असेल तर तीन अंशांची ऊबही तिसऱ्या सप्तकात सूर नेमका इतकाच उतरवते. आकडे जुळले, म्हणून मी झाकण उघडलं, लॅकर खरवडलं आणि ट्रिमर फिरवला. सूर लागला, रेकॉर्डिंग सुरू झालं.

दोन तासांनी एका तुकड्यासाठी संगीतकाराने रॅकची केबल काढली, आणि जुना सिंथ चढला. तितकाच, 35 सेंट.

तेव्हा कुठे मी मल्टिमीटर हातात घेतला. सिक्वेन्सरला तीन व्होल्टच्या सुरावर थांबवलं. आउटपुट मोकळं असताना 3.000. एक यंत्र जोडलं, 2.970. दोन जोडली, 2.941. नव्या सिंथच्या आउटपुटला आत एक किलोओहमचा रेझिस्टर, आणि ऐकणाऱ्या प्रत्येक यंत्राचं इनपुट शंभर किलोओहमचं. ऐकणारं प्रत्येक यंत्र त्या ओळीतून थोडं व्होल्टेज खातं. 1983 सालच्या मिडी या डिजिटल पद्धतीत सुराऐवजी त्याचा आकडा जातो, मधला सी 60 असेल तर दहा यंत्रांनी ऐकला तरी 60च. सीव्हीत ऐकणारा वाढला की सूरच बदलतो. सिंथच्या माहितीपुस्तिकेत आउटपुटचा हा रोध एका ओळीत छापता आला असता. ती ओळ नाही, आणि वाय केबल विकणारे तर तिला सरळ जोडायची वस्तू म्हणून विकतात.

पण मला खरं लागलं ते पुढे. एक यंत्र जोडलं तरी ओळ 2.970वर येते, मग सकाळी जुना सिंथ चोख कसा लागला? संगीतकाराला विचारलं. तो म्हणाला, ‘आधीच्या तंत्रज्ञांनी हा नवा सिंथ समोर ठेवूनच तो लावला होता. म्हणाले, ही दोघं आता एकमेकांची आहेत.’

म्हणजे तो लाल थेंब निष्काळजीपणावरचं झाकण नव्हता. कुणीतरी त्या एका टक्क्याची गळती मोजली होती, ट्रिमरने भरून काढली होती आणि वर मोहोर लावली होती. मी ती जागा खूण न करता हलवली. फिरवण्याआधी खडूची एक रेघ मारायला किती वेळ लागला असता?

रात्री दोन रस्ते होते. ट्रिमर पुन्हा त्या जोडीसाठी लावायचा, म्हणजे ज्याची ओळ अशी गळत नाही त्या यंत्रासमोर तो चढाच बोलणार. नाहीतर खऱ्या एक व्होल्टला लावायचा आणि मध्ये बफर, म्हणजे व्होल्टेज न गळू देता पुढे देणारी डबी, ठेवायचा. माझ्याकडच्या बफरचं इनपुट एक मेगओहमचं आहे, तो ओळीतून जवळपास काहीच खात नाही आणि पुढे प्रत्येक यंत्राला वेगळी, भक्कम प्रत देतो. मी दुसरा रस्ता धरला. बेंचवरच्या मोजलेल्या व्होल्टेजवर मोनोसिंथ लावला, रॅकचा ट्रिमरही परत आणला, मध्ये बफर घातला. रॅक काढा, लावा, सूर हलेना. उरलेलं रेकॉर्डिंग त्यावर झालं.

तंत्र म्हणून हेच बरोबर, हे मी आजही सांगेन. पण संगीतकाराने निघताना विचारलं, ‘घरी पूर्वीसारखी थेट केबल लावली तर?’

‘वरच्या सुरांत उतरेल,’ मी म्हणालो. बफरची डबी त्याच्या बॅगेत ठेवली.

‘मग आधीच्यांचं चुकलं होतं?’

‘नाही.’

मग त्याने आणखी काही विचारलं नाही. त्याच्या घरात ती दोन यंत्रं आजवर एकाच केबलने बोलत होती, आणि आता मध्ये माझी डबी आली. झाकण लावण्याआधी लाल लॅकरची बाटली माझ्या हातात होती. ट्रिमरवर मी थेंब टाकला नाही. तो यंत्र परत घेऊन आला तर काय करायचं, ते अजून माझं ठरलेलं नाही.