१ जूनच्या आधी

आमच्या संस्थेत, म्हणजे मुलींच्या बालगृहात, बऱ्याच जणींचा वाढदिवस १ जूनला. खरी तारीख कुणालाच ठाऊक नसली की शाळेत नाव घालताना तीच लागते. माझीही तीच. २०१९ च्या १ जूनला मला अठरा पूर्ण झाली आणि आठवड्याभरात पत्र्याची पेटी घेऊन मी गेटबाहेर उभी होते. पेटीवर पांढऱ्या रंगात ३१ नंबर. आत चार ड्रेस आणि बारावीची मार्कलिस्ट. अधीक्षिकाबाईंनी जवळ घेतलं, पदराच्या गाठीतून पाचशे रुपये काढून दिले. त्याही रडत होत्या. मायेत काही कमी नव्हतं. संस्थेचा कागद मात्र एकही मिळाला नाही.

पुढची दोन वर्षं कॉट बेसिसवर काढली. "गाव कोणतं गं तुझं?" असं घरमालकीण विचारायची, तेव्हा मी शाळेच्या गावाचं नाव सांगायचे.

बाल न्याय कायदा २०१५ चा, त्यात कलम ४६ आहे, हे मला कळलं बाविसाव्या वर्षी. अठरा झाल्यावर संस्था सोडणाऱ्यांना पायावर उभं राहायला मदत करता येते. त्याला अनुरक्षण म्हणतात. एकविसाव्या वर्षापर्यंत, आणि खास कारण असेल तर तेवीसपर्यंत. राहणं, शिक्षण, एखादं काम शिकणं. केंद्र सरकारच्या 'मिशन वात्सल्य' योजनेत त्यासाठी महिना ४००० रुपये ठरलेत. पण कायद्याची भाषा 'देता येईल' अशी आहे. म्हणजे कुणीतरी मागितल्याशिवाय फाईल हलत नाही. आणि अठरा वर्षांच्या पोरीने मागायचं कुणाकडे, हे तिला आधीच सांगायला नको का?

अनाथ प्रमाणपत्राचंही तसंच. एप्रिल २०१८ पासून महाराष्ट्रात अनाथांना शिक्षणात आणि सरकारी नोकरीत १ टक्का समांतर आरक्षण आहे, पण हा कागद असेल तरच. बालगृहात असतानाच अर्ज केला तर प्रवेशाची नोंद, बाल कल्याण समितीचा (मुलाला संस्थेत ठेवायचं का, हे ठरवणारी जिल्ह्याची समिती) आदेश, सगळं तिथल्याच कपाटात असतं. मी बाहेर पडल्यावर अर्ज केला. माझी जुनी फाईल सापडायलाच सात महिने गेले.

म्हणून फेब्रुवारीत आमच्या संस्थेतल्या छोटीचा फोन आला, "ताई, मला पण जूनमध्ये अठरा होतायत," तेव्हा मी दुसऱ्याच दिवशी रजा टाकली. जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात बाकावर बसून आम्ही फॉर्म भरला. 'आईचे नाव' या रकान्यावर तिचं पेन थांबलं. टेबलापलीकडच्या बाई शांतपणे म्हणाल्या, "तिथे 'माहीत नाही' लिही बाळा, चालतं." माझ्या वेळी हे वाक्य कुणी म्हटलं असतं तर मी फॉर्म अर्धा टाकून उठले नसते.

मुलींनो, दहावी झाली की परिवीक्षा अधिकाऱ्यांना, म्हणजे संस्थेत आपली फाईल बघणाऱ्यांना, विचारायला लागा. समितीच्या आदेशाची झेरॉक्स, आधार, बँकेचं पासबुक स्वतःच्या पेटीत ठेवा.

छोटीचं प्रमाणपत्र मेच्या शेवटी आलं. अनुरक्षणाचा अर्ज अजून समितीपुढे आहे. मंगळवारी आम्ही दोघी पुन्हा जाणार आहोत.