आमची वाटचाल : लालबागचं गॅरेज ते मुरूडची पुळण

२०१६ साली लालबागच्या गल्लीत माझं एका शटरचं गॅरेज होतं. शनिवारी बुलेट सर्व्हिसला टाकणारं गिऱ्हाईक हमखास विचारायचं, "दादा, उद्या कुठे जाऊ?" माझं आजोळ रेवदंड्याला, त्यामुळे उत्तर ठरलेलं. एकदा चौघं म्हणाले, मग तूच चल ना पुढे. पेट्रोल आणि जेवण त्यांचं. तीच आमची पहिली टूर. पावतीपुस्तक बायकोने दोन महिन्यांनी छापून आणलं.

पहिल्या वर्षी हौस फार. मुंबई ते श्रीवर्धन आणि परत, एका दिवसात! दिवेआगरहून शेखाडीमार्गे श्रीवर्धनला जाणारा रस्ता समुद्राला असा चिकटून जातो की सगळे खूश. पण परतताना रात्री वडखळच्या टपरीवर एकजण टाकीवर डोकं ठेवून चक्क घोरायला लागला. मी घाबरलो. त्यानंतर आमची टूर मुरूडच्या पुढे गेलेली नाही, कुणी कितीही गळ घातली तरी.

मार्च २०२०मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो, म्हणजे गाड्यांसकट माणसं नेणारी बोट, सुरू झाली आणि काही दिवसांतच लॉकडाऊन लागला. नशीबच तसं. त्यात ३ जूनला निसर्ग वादळ आलं. आम्ही ज्या मामीकडे जेवायला थांबतो, तिच्या वाडीतल्या पोफळी एका दुपारीत आडव्या झाल्या. धंदा परत उभा राहिला तो मात्र त्या बोटीमुळेच. आधी पनवेल, पेण, वडखळ करत ट्रकांची धूळ खात अलिबागला पोचेपर्यंत माणूस अर्धा संपायचा. आता गाड्या बोटीत चढवायच्या, चहा घ्यायचा, तासाभरात मांडवा. अटल सेतूवर दुचाकीला बंदी, तेव्हा आमचा सेतू हाच.

मांडवा, अलिबाग, चौल, रेवदंडा. मग कुंडलिकेच्या खाडीवरचा साळावचा पूल, तो ओलांडला की उजवीकडे समुद्र सुरू. कोर्लईला किल्ल्याखाली थांबतो. पोर्तुगीज १७४०मध्ये गेले, पण गावातल्या ख्रिस्ती वस्तीत त्यांच्या भाषेतून घडलेली बोली अजून घराघरांत बोलली जाते. पोरं एकमेकांना हाका मारतात तेव्हा आमची मंडळी हेल्मेट काढून ऐकत उभी राहतात. जंजिऱ्यात मात्र नेत नाही. शिडाच्या होडीची रांग अख्खा दिवस खाते. यावर दर टूरला एक तरी रुसतो.

काशीदने आम्हाला शहाणं केलं. वाऱ्याने उडालेली वाळू डांबरावर पातळ पसरलेली असते, लांबून दिसतच नाही. २०१८मध्ये एका पाहुण्याने तिथे पुढचा ब्रेक दाबला आणि गाडी त्याच्याखालून निघून गेली. गुडघा सोलला, हँडल वाकलं, बाकी देवाची कृपा. तेव्हापासून निघण्याआधीच गाडी उभी करून शिकवतो : वाळूवर ब्रेक नाही, थ्रॉटल हळूच सोडायचा, हँडल सरळ. शेवटची गाडी माझी. डिकीत क्लच केबल, चेन लॉक, पंक्चरचं सामान आणि मलमपट्टी.

एका बड्या कंपनीने बावीस जणांची टूर नेली आणि पैसे सात महिन्यांनी दिले. आता निम्मे आधी घेतल्याशिवाय बोटीचं तिकीट काढत नाही. पावसाळ्यात समुद्र खवळला की फेरी कधी रद्द होईल सांगता येत नाही, म्हणून जून ते सप्टेंबर टूर बंद, फक्त गॅरेज.

आणि टूरचं काम रविवारी संपत नाही. खारा वारा चेनला दोन दिवसांत लाल करतो. त्यामुळे सोमवारी सकाळी आमच्या तिन्ही गाड्या गोड्या पाण्याने धुवायच्या, चेन रॉकेल आणि जुन्या टूथब्रशने घासायची, सुकली की तेल. फूटरेस्टच्या सांध्यातून सुरूच्या काड्या निघतात. मार्च-एप्रिलमध्ये हँडलला अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळाही लटकलेल्या असतात. शेजारच्या चाळीतल्या आजी गॅलरीतून आधी त्याच मोजतात, मग मला विचारतात, "माझी कुठली रे?"